कपाचा कान

लाँगटनच्या कारखान्यात माझं काम एकच होतं:
ओल्या कपांना कान लावायचे.
या कामाला तिथं म्हणत हँडलर.
बेरिल टनिक्लिफनं करून दाखवलं.
कप डाव्या तळव्यावर, कान उजव्या चिमटीत,
मातीच्या पातळ खिरीत त्याची दोन टोकं बुडवायची
आणि एकदाच टेकवायचं.
दुसऱ्यांदा टेकवलं की भट्टीत भेग.

पहिल्या सकाळी माझे अकरा कप वाया गेले.
बेरिल चष्म्यावरून बघत म्हणाली,
"कॅक-हँडेड आहेस गं, डक."
डक म्हणजे बदक नव्हे, लाडानं 'बाई गं',
हे दुपारी कळलं.
कॅक कळायला शनिवार उजाडला.

लायब्ररीत जाड कोश उघडला.
कॅक-हँडेड: वेंधळ्या हाताचा.
लगेच पुढे, जणू तेच ते: डावखुरा.
खाली बारीक अक्षरात बहुधा, कदाचित, असे म्हणतात.
कॅक म्हणजे शी. ज्या हातानं धुवायचं तो हात.
कुणी म्हणे छे, उत्तरेच्या समुद्रातून
होड्या वल्हवत आलेल्या लोकांचा जुना शब्द तो,
अर्थ एवढाच की वाकडा.
कोशाला नक्की काही ठाऊक नव्हतं.

मला होतं.
मिरजेला, कुलकर्ण्यांकडच्या सत्यनारायणाला
मी डावा हात पुढे केला
आणि गुरुजींनी शिऱ्याचा द्रोण
वीतभर मागे घेतला.
त्या वीतभर जागेत हा शब्द जन्मला.
कोशवाल्यांना कळवायला हवं होतं,
पण पत्र लिहिताना शाई पुसते माझी,
करंगळीखालचा तळवा निळा होतो.

बसमध्ये बसून आपल्याकडचे शब्द आठवत राहिले.
उजवा म्हणजे ऋजू, सरळ.
मुलगी लग्न करून दिली की उजवली,
दिवस गेले की कूस उजवली,
आणि ज्याला पंगतीत धरायचं नाही
त्याला डावललं.
पानाची डावी बाजू तेवढी वाचली:
मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर.
सगळी चव तिकडे
आणि उजवीकडे नुसत्या भाज्या.
हसू आलं. उतरायचा स्टॉप गेला.

सोमवारी बघते तर माझं चाक बाकाच्या दुसऱ्या टोकाला,
खिरीचा वाडगा डावीकडे सरकवलेला,
फळी उलटी लावलेली.
बेरिल पाठमोरी. काही बोलली नाही,
मीही नाही.
दिवाळीपर्यंत मी दिवसाला चाळीस डझन कान लावत होते.

एकोणीस वर्षांनी तिची उजवी बाजू गेली.
मीअरच्या तिच्या घरी गेले तेव्हा
डाव्या हातात चमचा, गाऊनवर सूप,
तोंडाचा एकच कोपरा हसला:
"आता मीपण. कॅक-हँडेड."

मी पर्समधून कप काढला, रॉबिन पक्ष्याचा.
आमच्याकडे चित्र एकाच बाजूला असतं.
उजव्या हातात कप धरला की पक्षी तुमच्याकडे बघतो,
डाव्या हातात धरला की समोर पांढरी भिंत.
मी जन्मभर भिंतीकडे बघत चहा प्यायला.
या वेळी वरच्या मजल्यावरच्या सायमाला म्हटलं,
एकाच कपावर उलट्या बाजूला चिकटव.
तपासनिसानं बुडाशी लाल टिंब दिलं: सेकंड.

चहा ओतला. बेरिलनं डाव्या हातानं उचलला,
थोडा सांडला, थोडा प्यायली.
पक्ष्याकडे बघितलंच नाही.
अंगठा कानाच्या सांध्यावरून फिरवला,
वरून खाली, मग खालून वर,
आणि जड जिभेनं म्हणाली,
"वाकडा बसलाय गं, डक."

खरंच बसला होता.